दिव्याखालचा अंधार: टेलिफोनचे दिवे आणि खोडाळ्याची वाट

१.
काळ्या बेकेलाइटचा जुना टेलिफोन. पाठीला पाडलेले एक भोक, भोकातून वर गेलेली पितळी नळी आणि नळीच्या टोकाला पिवळसर बल्ब. डायल फिरवली की दिवा लागतो. खाली किमतीची चिठ्ठी, तिच्यावर ‘व्हिंटेज’ हा शब्द. शहरांतील सजावटीच्या दुकानांत ही वस्तू आता सर्रास दिसते. ती पाहून ग्राहक हरखतो आणि टेलिफोनचा संग्राहक हळहळतो. या हळहळीला हौशी लोकांची कुरकुर म्हणून हसण्यावारी नेले जाते. प्रत्यक्षात तो इतिहासाच्या पुराव्याविषयीचा रास्त आक्षेप आहे. तो का रास्त आहे आणि कोठे अपुरा पडतो, याचा हा धागा.

२.
या प्रश्नाकडे मुंबईच्या दुकानातून पाहण्यापेक्षा पालघर जिल्ह्यातील खोडाळ्याहून पाहणे अधिक उद्बोधक ठरते. खोडाळा हे मोखाडा तालुक्यातील, सह्याद्रीच्या पठारावरचे बाजाराचे गाव. कसाऱ्याकडून विहीगावमार्गे येणारा रस्ता येथे पोचतो आणि पुढे मोखाडा-जव्हारकडे जातो. सूर्यमाळचे पठार आणि देवबांधचे गणेशमंदिर याच परिसरात आहेत. आसपासच्या पाड्यांवर वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी अशा समाजांची वस्ती आहे. शहराच्या लेखी जुना टेलिफोन ही आठवणीतली गोंडस वस्तू झाली आहे. डोंगरी मुलखाच्या लेखी ती अंतर मोजण्याची पट्टी आहे. तार कोठवर आली आणि कोठे थांबली, हे ती सांगते.

३.
आधी थोडा कालक्रम. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना मार्च १८७६ मध्ये पेटंट मिळाले. पुढच्या सहा वर्षांत, जानेवारी १८८२ मध्ये, कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे ओरिएंटल टेलिफोन कंपनीची एक्स्चेंजे सुरू झाली. मुंबईच्या टेलिफोनचा कारभार दीर्घकाळ खासगी कंपनीकडे होता. १९४३ मध्ये सरकारने तो ताब्यात घेतला. स्वातंत्र्याच्या सुमारास साऱ्या देशात मिळून सुमारे ८० हजार टेलिफोन होते. पुढे ही संख्या लाखांत गेली हे खरे. पण पहिल्या पिढीची यंत्रे मुळातच मोजकी होती. ‘अशी ढिगाने होती, एक गेले तर काय बिघडले’ असे म्हणणाऱ्याने हा आकडा ध्यानात ठेवावा.

४.
१९४८ मध्ये बंगळूरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज उभी राहिली आणि देशी बनावटीचे टेलिफोन मिळू लागले. तरीही ग्राहक यंत्राचा मालक नव्हता. यंत्र डाक-तार खात्याचे असे आणि ग्राहक भाडे भरत असे. जोडणी बंद केली की यंत्र परत. बिघडले तर खात्याचा माणूस येऊन ते बदलून जाई. आजोबांचे घड्याळ जसे घरात पिढ्यानपिढ्या राहिले, तसा टेलिफोन राहिला नाही, त्याचे कारण हे आहे. परत गेलेली यंत्रे दुरुस्त होऊन दुसरीकडे गेली किंवा मोडीत निघाली. जी शिल्लक उरली, ती चुकून उरली. चुकून उरलेल्या वस्तूला ड्रिल लावताना हात जरा तरी अडखळायला हवा.

५.
त्या काळ्या कवचाच्या आत काय असते? दोन धातूच्या वाट्यांची घंटा आणि त्यांच्यामध्ये आपटणारा लहानसा लोलक. बोलण्याच्या तोंडात कार्बनच्या कणांची डबी: आवाजाने पातळ पडदा थरथरतो, कण दाबले जातात आणि सैल होतात, त्याबरोबर विजेचा प्रवाह कमीजास्त होतो. दुसऱ्या टोकाला त्या चढउताराचा पुन्हा आवाज होतो. रिसीव्हर ठेवण्याच्या जागी दोन दांडे. ते खाली दबले की बोलणे बंद, वर आले की एक्स्चेंजला सूचना. एवढ्या साधनांवर शंभराहून अधिक वर्षे माणसे परस्परांशी बोलली.

६.
आणि यासाठी लागणारी वीज घरातली नव्हती. सुमारे ५० व्होल्टचा प्रवाह एक्स्चेंजमधील बॅटऱ्यांतून त्याच तारेने येत असे. गावात वीज गेली तरी टेलिफोन चालू राही, याचे रहस्य हे. आता या यंत्राचा दिवा करण्यातला विनोद पाहावा. अंधारात चालू राहण्याची ज्याची ख्याती होती, तेच यंत्र आता वीज गेली की विझते. त्यातही बहुधा घंटा काढून टाकलेली असते, कारण तिच्या जागेतून नव्या वायरी न्यायच्या असतात. पुढे दिवा टाकावा असे वाटले, तरी आतला टेलिफोन केव्हाच गेलेला असतो.

७.
डायलचे तर आणखी वाईट होते. आकडा फिरवून बोट सोडले की डायल परतीच्या वाटेवर प्रवाह खंडित करते: १ साठी एकदा, ७ साठी सात वेळा, ० साठी दहा वेळा, साधारण सेकंदाला दहा या गतीने. गती कायम राखण्यासाठी आत गरगर फिरणारा इवलासा वेगनियंत्रक असतो. तिकडे एक्स्चेंजमधील यंत्राचा दांडा प्रत्येक खंडाबरोबर एक पायरी सरकतो. अमेरिकेत अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्या आल्मन स्ट्रोजर यांनी या पद्धतीचे पेटंट १८९१ मध्ये मिळवले. ऑपरेटर मध्ये न घेता दोन माणसांना जोडणारी ही युक्ती होती. दिव्यात तिचे काम उरते ते चालू-बंद करणाऱ्या खटक्याचे.

८.
डायलच्या मध्यभागी एक गोल कागदी चकती असे. तिच्यावर त्या जोडणीचा क्रमांक लिहिलेला असे. मुंबईतील क्रमांक सहा आकडी होते, मग सात आकडी झाले, पुढे आरंभी २ लागून आठ आकडी झाले. म्हणजे नुसत्या चकतीवरून ते यंत्र साधारण कोणत्या काळात कोठल्या टेबलावर होते, याचा माग लागू शकतो. सजावटकाराला ती मळकट चकती खटकते. तो ती काढून छापील, गुळगुळीत, नकली क्रमांकाची चकती बसवतो. जुन्या पोथीचे शेवटचे पान, जिथे लेखनिकाचे नाव आणि शक लिहिलेला असतो, ते फाडून तिथे वेलबुट्टी काढण्याचाच हा प्रकार आहे.

९.
आता डायल नसलेल्या टेलिफोनकडे येऊ. लहान गावांत स्वयंचलित एक्स्चेंज नसे. तिथल्या यंत्राला डायलऐवजी बाजूला फिरवायचा हात्या असे. हात्या फिरवला की आतल्या चुंबकी जनित्रातून वीज निघे आणि पलीकडे ऑपरेटरची घंटा वाजे. बोलण्यासाठी लागणारी वीज यंत्राजवळ ठेवलेल्या कोरड्या बॅटऱ्यांची. दूरच्या गावाशी बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवायचा आणि वाट पाहायची. बोलणे तीन मिनिटांच्या मापाने चाले. मध्ये ऑपरेटर असल्याने गुप्ततेची खात्री नसे. कित्येक खेड्यांत असे एकच सार्वजनिक यंत्र असे, तेही डाकघरात. ग्रामीण महाराष्ट्राचा टेलिफोन म्हणजे बहुतांशी हा.

१०.
दुकानात मात्र हा टेलिफोन ‘अपुरा’ ठरतो. ग्राहकाला डायल हवी असते, कारण चित्रपटांत त्याने तीच पाहिलेली असते. म्हणून कोरा चेहरा कापून दुसऱ्या यंत्राची डायल त्यावर बसवली जाते. एका मुंबईकर यंत्राचा अवयव आणि एका खेड्यातील यंत्राचे धड मिळून जी वस्तू तयार होते, ती कधीच कोठे अस्तित्वात नव्हती. पुढे कोणी अभ्यासकाने ती पाहिली तर त्याचा समज होईल की त्या खेड्यात स्वयंचलित एक्स्चेंज होते. पुरावा नष्ट होणे वाईट. पुराव्याने खोटी साक्ष देणे त्याहून वाईट.

११.
इथे खोडाळ्याचे महत्त्व लक्षात येते. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६१ मध्ये कसाऱ्याला पोचली आणि १८६५ मध्ये थळ घाट चढून इगतपुरीला गेली. रुळांबरोबर रेल्वेची तारही गेली, कारण तारेवाचून गाड्या चालवणे शक्य नव्हते. म्हणजे दूरसंदेशाची ती महान वाट खोडाळ्याच्या पठाराच्या पायथ्याशी एकोणिसाव्या शतकातच पोचली होती. ती नाशिककडे पुढे गेली, डोंगरातल्या पाड्यांकडे वळली नाही. तारेला गिऱ्हाईक लागते: गिरणी, पेढी, छावणी, कचेरी. नाचणी-वरई पिकवणाऱ्या आणि पावसाळ्यानंतर कामासाठी स्थलांतर करणाऱ्या पाड्यांवर यांतले काय होते?

१२.
उलट दिशेने जाणारी एक वाट मात्र फार लवकर तयार झाली. ती पाण्याची. मुंबईची तहान भागवण्यासाठी तानसा (१८९२), मोडक सागर (१९५७), अप्पर वैतरणा (१९७३) आणि मध्य वैतरणा (२०१४) अशी धरणे या टापूत एकामागून एक उभी राहिली. यांतील सुमारे १०२ मीटर उंचीचे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातील कोचाळे गावाजवळ आहे. डोंगरातले पाणी महानगराच्या नळापर्यंत अचूक पोचते. महानगरातला आवाज डोंगरापर्यंत पोचायला किती दशके लागली, हे ज्या वस्तूंवरून समजू शकते, त्यांचे महानगरात दिवे होत आहेत.

१३.
हा प्रश्न केवळ वस्तुसंग्रहाचा उरत नाही, याचे एक कारण आहे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरातील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. कुपोषण, आरोग्यसेवेचा अभाव, रोजगाराचा अभाव, अशी अनेक कारणे त्यामागे होती. परंतु जव्हार-मोखाड्याचा इतिहास लिहिणाऱ्याला एक साधा प्रश्न टाळता येणार नाही: अशा पाड्यावर मूल अत्यवस्थ झाले, तर निरोप कोठवर पायी न्यावा लागत होता आणि कोठून पुढे तो तारेने जात होता? सर्वांत जवळचा टेलिफोन कोणत्या गावात, कोणाच्या टेबलावर होता? तो रात्री कुलूपबंद असे काय? या प्रश्नांची उत्तरे सरकारी अहवालांत सहसा नसतात. ती वस्तूंत आणि माणसांच्या स्मरणात असतात.

१४.
आणि हा भूतकाळ अजून पुरता सरलेला नाही. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर भरू लागल्या, तेव्हा ‘नेटवर्क’ मिळावे म्हणून मुलांना टेकडी चढावी लागते, ही स्थिती या डोंगरी तालुक्यांमुळे सर्वांसमोर आली. जिथे संपर्क हीच अजून मिळवायची गोष्ट आहे, तिथल्या माणसाला टेलिफोनचा दिवा दाखवून पाहावा. ‘जुन्या दिवसांची मौज’ हा त्याचा अर्थ त्याला लागणार नाही. गोंडस आठवण होण्यासाठी वस्तू आधी मिळालेली असावी लागते.

१५.
दिव्याच्या बाजूने चार युक्तिवाद केले जातात. पहिला: ‘नाहीतरी भंगारात गेला असता.’ हा युक्तिवाद काही वेळा खरा असतो आणि तिथे तो मान्य करावा. ज्याचे कवच तडकले आहे, आतले भाग कोणी आधीच काढून नेले आहेत, ज्याची कसलीही ओळख उरलेली नाही, अशा रिकाम्या खोक्याचा दिवा झाला तर कोणाचेच नुकसान नाही. पण सजावटकार असा खोका निवडत नाही. त्याला चकचकीत, अखंड, न तडकलेले यंत्र हवे असते. भंगारातून वाचवण्याच्या नावाखाली तो नेमके तेच यंत्र उचलतो, जे भंगारात जाण्याची शक्यता सर्वांत कमी होती.

१६.
दुसरा युक्तिवाद: ‘वस्तू वापरात राहिली तर जिवंत राहते.’ वाक्य आकर्षक आहे. म्हणूनच त्याची परीक्षा खोडाळा-मोखाड्याच्या परिसरातील एका परंपरेवर करावी. या पट्ट्यात उन्हाळ्याच्या दिवसांत बोहाडा होतो. रात्रभर मशालींच्या उजेडात, संबळ आणि पिपाणीच्या तालावर देवदेवतांची, राक्षसांची, पुराणपात्रांची सोंगे नाचवली जातात. गणपती, नरसिंह, रावण, वेताळ, देवी अशी सोंगे. अनेक सोंगे परंपरेने ठरावीक घराण्यांकडे असतात. मुखवटे पूर्वी लाकडाचे असत. जव्हारकडे कागदाच्या लगद्यापासूनही ते होऊ लागले.

१७.
हा मुखवटा कधीच ‘जसाच्या तसा’ राहत नाही. उत्सवापूर्वी त्याला नवा रंग लागतो, तुटलेला कान जोडला जातो, दोरी बदलली जाते. काटेकोर संग्रहालयाला हे पाप वाटेल. पण यातला प्रत्येक बदल मुखवट्याने पुन्हा नाचावे यासाठी असतो. वस्तूचे काम पुढे चालावे म्हणून केलेला बदल हा तिच्या आयुष्याचा भाग आहे. जुन्या टेलिफोनचा झिजलेला दांडा बदलणारा कारागीर आणि मुखवट्याला रंग देणारा कारागीर एकाच कुळातले. दिव्यासाठी भोक पाडणारा त्या कुळात बसत नाही. त्याच्या बदलाने वस्तूचे काम कायमचे थांबते आणि फक्त रूप उरते. त्याला ‘जिवंत राहणे’ म्हणणे म्हणजे पेंढा भरलेल्या वाघाला रानातला वाघ म्हणणे.

१८.
तिसरा युक्तिवाद: ‘लोकांना सुंदर वस्तू हवी असते, त्यात गुन्हा काय?’ काहीच नाही. याचेही उत्तर याच डोंगरांत आहे. वारली चौक मूळचा लग्नघराच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, स्त्रियांनी काढायचा. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ही चित्रे कागदावर आली आणि जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज वारली आकृत्या दिव्यांच्या शेडवरही दिसतात. त्या बाजाराविषयी वेगळे आक्षेप असू शकतात. परंतु शेड रंगवण्यासाठी कोणी लग्नघराची भिंत खणून आणली नाही. नवी वस्तू नव्याने केली गेली. जुनी होती तिथे राहिली.

१९.
तोच न्याय टेलिफोनला लावावा. टेलिफोनच्या आकाराचा दिवा हवा असेल, तर तो नवा घडवावा. पितळी कारागिरीत मुरादाबादसारख्या केंद्रांचा हात कोणी धरू शकत नाही, आणि शोभेचे नवे टेलिफोन बाजारात आजही मिळतात. जव्हारचे मुखवटाकार पर्यटकांसाठी नवे मुखवटे करतात. ते भिंतीवर टांगल्याने बोहाड्याचे काही बिघडत नाही, उलट कारागिराच्या हाताला काम मिळते. ज्याला फक्त रूप हवे, त्याला रूप देण्याची सोय आहे. मग अस्सल यंत्रच का कापायचे? कारण ‘अस्सल’ हा शब्द चिठ्ठीवर लिहिता येतो आणि किंमत वाढते. अस्सलपणा विकण्यासाठी अस्सलपणाच नष्ट करायचा, हा या धंद्यातला मूळ दोष आहे.

२०.
चौथा युक्तिवाद: ‘ज्याची वस्तू, त्याची मर्जी.’ कायद्याने हे बरोबर आहे. १९७२ चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम सामान्यतः शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना, आणि हस्तलिखितांच्या बाबतीत ७५ वर्षांहून जुन्यांना, संरक्षण देतो. १९५० च्या दशकातील टेलिफोन त्यात बसत नाही. म्हणजे जी वस्तू नवी राहिली नाही आणि कायद्याच्या नजरेत अजून जुनी झाली नाही, ती सर्वांत निराधार असते. आजच्या प्रत्येक पुरावस्तूने ही निराधार दशके कोणाच्या तरी विवेकावर काढली आहेत.

२१.
असा विवेक महाराष्ट्राला अनोळखी नाही. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांनी अडकित्ते, कुलपे, भांडी, दौती आणि दिवे जमवले, तेव्हा लोकांच्या लेखी ती अडगळ होती. पितळेच्या वस्तू मोडीत घालून नवी भांडी घेण्याची घरोघर रीत होती. त्यांनी लहान वयात गेलेल्या मुलाच्या नावाने राजा दिनकर केळकर संग्रहालय उभारले आणि संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. तिथे लामणदिवा लामणदिवा म्हणून आहे, अडकित्ता अडकित्ता म्हणून. दिव्यालाही स्वतःचा इतिहास असतो. टेलिफोनचा दिवा करणे हा टेलिफोनइतकाच दिव्याचाही अपमान आहे, हे त्या दालनातून फिरताना पटते.

२२.
एक व्यवहाराची गोष्टही सांगायला हवी. टेलिफोनच्या आतली रचना सुमारे ५० व्होल्टचा क्षीण प्रवाह गृहीत धरून केलेली असते. घंटेचा दाब त्याहून अधिक असला तरी तो क्षणभराचा. त्यात घरचा २३० व्होल्टचा प्रवाह सोडला जातो. तळाची पट्टी आणि आतले सांगाडे धातूचे, कडा धारदार, अर्थिंगची सोय बहुधा नाही. नव्या वायरीचे आवरण एखाद्या कडेवर घासून फाटले, तर सजावटीची वस्तू हात लावणाऱ्याला झटका देऊ शकते. ज्यांना इतिहासाची पर्वा नाही, त्यांनी निदान घरातल्या लहान मुलांची करावी.

२३.
एवढे झाल्यावर संग्राहकांनाही एक प्रश्न विचारला पाहिजे. दिव्यातले भोक हे दुसरे भोक असते. पहिले भोक त्याआधीच पडलेले असते, आणि ते नोंदीला पडते. खेड्यातील यंत्र भंगारवाला किलोच्या भावाने उचलतो, तालुक्याच्या गावी विकतो, तिथून ते मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात पोचते. या प्रवासात पहिल्याच टप्प्यावर गावाचे नाव गळून पडते. संग्राहक ते विकत घेतो, घासूनपुसून चकचकीत करतो, कपाटात ठेवतो. बनावट, कारखाना, वर्ष यांची चर्चा रंगते. पण ते कोणत्या डाकघरातले, हे कोणी विचारलेले नसते. असे मुके यंत्र अखंड असले, तरी त्याने आपला निम्मा इतिहास गमावलेला असतो. दिव्याविरुद्ध बोलण्याचा अधिकार नोंद ठेवणाऱ्या संग्राहकालाच पुरता पोचतो.

२४.
मग इतिहासप्रेमी तरुणाने काय करावे? जुना टेलिफोन हाती आला, तर आधी तो जसा आहे तसा सर्व बाजूंनी छायाचित्रित करावा. तळाशी कोरलेली कारखान्याची खूण आणि वर्ष टिपावे. डायलमधली चकती, कापडी विणीची दोरी, चिकटवलेले कागद काढू नयेत. तो कोणाकडून, कोणत्या गावातून आला हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. रंग देऊ नये. शक्य असल्यास तो चालू करावा. जुन्या डायलचे खंड ओळखून आजच्या जोडणीवर बोलू देणारी उपकरणे मिळतात. आणि दिवा करण्याचा मोह अनावर झालाच, तर एकच कसोटी लावावी: उद्या कोणाला हा पुन्हा टेलिफोन करता येईल काय? भोक न पाडता, आतले सर्व भाग पिशवीत जपून, जे उलटवता येईल तेवढेच करावे.

२५.
वस्तूपेक्षाही निकडीचे काम माणसांचे आहे. हात्याच्या यंत्रावर काम केलेले ऑपरेटर, पावसाळ्यात खांबावर चढून तार जोडणारे लाइनमन, डाकघरात टेलिफोनजवळ बसलेले पोस्टमास्तर, निरोप घेऊन पाड्यावर चालत गेलेला माणूस: ही पिढी आता वृद्ध आहे. खोडाळा, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, वाडा येथील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना हे काम मुंबईच्या कोणत्याही संशोधकापेक्षा चांगले करता येईल, कारण भाषा त्यांची आणि माणसे त्यांच्या ओळखीची. प्रश्न साधे आहेत. पहिला टेलिफोन गावात कोठे लागला? घंटा वाजली की कोणाला बोलावणे जाई? रात्री दवाखान्याला कळवायचे तर काय करत? तार तुटली तर किती दिवस लागत? आणि ते यंत्र शेवटी कोठे गेले?

२६.
या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कित्येक गावांत ‘भंगारवाल्याने नेले’ एवढेच मिळण्याचा संभव आहे. तेही लिहून ठेवावे, सालासह. कारण एखाद्या शहरी दिवाणखान्यात पिवळा उजेड पाडणाऱ्या त्या काळ्या यंत्राखाली कोणत्या गावाचे नाव होते, हे त्या नोंदीवाचून कधीच कळणार नाही.